मिठाखालचं रान

सकाळी कॉलेजला निघायच्या गडबडीत होते. फोन आमच्या ह्यांनी घेतला. "बोल रे," एवढंच म्हणाले आणि मग नुसतं ऐकत राहिले. रिसीव्हर खाली ठेवून खुर्चीत बसले तेव्हा मी पायात चप्पल अडकवत होते. "आक्का गेल्या," ते म्हणाले. ... मी चप्पल काढून पुन्हा आत आले. पहाटे उठून आक्कांनी चहा केला होता, आमच्या थोरल्या दिरांसोबत, म्हणजे दादांसोबत, अंगणात बसून प्यायला होता. "जरा पडतो," म्हणून आत गेल्या त्या उठल्याच नाहीत. कुणाला हाक नाही, कुणाची धावाधाव नाही. आयुष्यभर मोठ्या आवाजात बोललेली ही बाई जाताना इतकी गप्प कशी गेली, हे मला अजून उमगलेलं नाही.

सुभद्राक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. घरात लहानथोर सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. ह्यांच्या त्या वहिनी, पण ह्यांच्याही तोंडी आक्काच. नव्वदच्या आसपास मी लग्न होऊन या घरात आले. आम्ही दोघं नोकरीसाठी कोल्हापुरात राहायचो आणि सुट्टीला हुपरीच्या एसटीनं गावी जायचो. गाव हुपरीच्या अलीकडं, नदीकाठचं. काळीभोर, सपाट जमीन. आक्का मात्र राधानगरीच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या. तिथं पाऊस असा की चार महिने अंगावरचं इरलं उतरत नाही, पण पाणी कुठं थांबत नाही. भाताच्या एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून ओढ्यात. आक्का सांगायच्या की लहानपणी त्यांचं कामच ते होतं, बांधाला पाणी जायची वाट मोकळी आहे का ते बघत हिंडायचं. लग्न होऊन या सपाटीला आल्या तेव्हा त्यांनी सासूला पहिला प्रश्न विचारला म्हणे, "हितलं पाणी जातंय कुठनं?" सगळ्या बायका हसल्या होत्या. कारण तेव्हा गावात पाणी नव्हतंच. विहिरी होत्या, मोटा होत्या, जोंधळा आणि भुईमूग होता, आणि नदी डोळ्यांसमोरून वाहत निघून जायची.

ती नदी रानात आणली दादांनी. एकट्यांनी नव्हे, पण पुढाकार त्यांचा. ऐन उमेदीतली वर्षं त्यांनी त्या पाणीपुरवठा संस्थेपायी घातली. सरकारी अनुदान मिळवलं, नदीचं पाणी उपसायला जॅकवेल बांधली, उंच माळापर्यंत पाइप नेले. माझ्या लग्नात ज्यांची ओळख करून दिली गेली त्यातले निम्मे लोक "दादांनी पाणी आणलं म्हणून आम्ही माणसात आलो," असं म्हणत होते. खोटं नव्हतं ते. उसानं गावात पक्की घरं आणली, मुलं शिकली; ह्यांचं शिक्षणही त्याच पाण्यावर झालं. विजेचं बिल मोटरीच्या हॉर्सपॉवरवर ठरायचं. मोटर तासभर चालवा नाहीतर दिवसभर, आकडा तोच. मग बंद कोण करणार? वीज आली की पाणी सुरू, वीज गेली की बंद. रात्रीचं पाणी सरीतून फिरून बांधावरून खाली कुठं जातंय, हे बघायला कुणी जायचं नाही.

आक्का तेवढ्या बोलायच्या. आमच्याकडच्या बायकांसारखं त्याही स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच बोलायच्या, आणि त्या बोलण्याला एक धार असायची. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवत असे. रविवारी गावी गेलं की जेवणं झाल्यावर ओसरीवर ह्यांचा आणि माझा वाद ठरलेला. शेतकऱ्याला अनुदान द्यावं की नाही. हे म्हणायचे, सरकारच्या पैशानं माणूस आळशी होतो. मी म्हणायची, ज्याच्या मालाला तो स्वतः भाव ठरवू शकत नाही त्याला आधार नको का? दादा माझ्या बाजूनं मान हलवायचे. आक्का भांडी आवरता आवरता म्हणायच्या, "सरकारनं कुणाला काय देऊ न्हये. फुकट दिलं की माणूस बगायचं सोडतोय." आळशी होतो असं त्या म्हणत नव्हत्या. बघायचं सोडतो. ... मला तेव्हा तो फरक कळला नव्हता. मी त्यांनाही ह्यांच्याच बाजूच्या समजत होते.

मग मीठ फुटलं. आधी सखल भागात, उन्हाळ्यात, रांगोळी सांडावी तसं. पोरं त्यावर बोट फिरवून जिभेला लावायची. मग ते पांढरे पट्टे वर चढू लागले. उसाची कांडी आखूड झाली, पानं कडेनं करपायला लागली, आणि पावसाळ्यात जे रान पूर्वी आठवड्यात वापशाला यायचं ते महिनाभर चिखलच राहायला लागलं. जमिनीखालचं पाणी वर आलं होतं आणि येताना मीठ घेऊन आलं होतं. लोकांनी जिप्सम टाकलं, खताचे डोस वाढवले, आणि ऊस वाळतोय म्हणून आणखी पाणी दिलं. वीटभट्टीवाले गावात फिरायला लागले. मेलेल्या रानाची माती त्यांना चालते. दादांनीही एकदा तो विषय काढला. आक्का जेवता जेवता ताटावरून उठल्या, एवढंच त्यांचं उत्तर. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गेल्या आणि दोन गडी लावून रानातून आडवा चर खणायला सुरुवात केली. मे महिन्याच्या उन्हात, वर भेगाळलेली जमीन, आणि कंबरभर खोल गेल्यावर खालून पाणी झिरपून चर भरायला लागला. आक्का काठावर उभ्या होत्या. "बग," मला म्हणाल्या, "तहानलंय म्हणून न्हाय मरायलं. बुडून मरायलंय."

पण चरातलं पाणी न्यायचं कुठं? ओढ्याला. आणि ओढा आणि आमचं रान यांच्या मध्ये अनुसयाबाईंचं रान होतं. आमच्या गावात सगळ्यात सखल, ओढ्यालगतचा पट्टा बौद्ध वस्तीतल्या सात-आठ घरांचा. बापजाद्यांना मिळाली तीच तशी जमीन. अनुसयाबाईंचे मालक वारलेले, मुलगा कोल्हापुरात कंपनीत कामाला. शेत त्या स्वतः बघायच्या. आक्का त्यांच्याकडं गेल्या तेव्हा मी सोबत होते. अनुसयाबाईंनी आम्हाला दारात बसवलं नाही, सरळ रानात नेलं. ते रान मी आयुष्यात विसरणार नाही. कडेपासून कडेपर्यंत पांढरं, मध्ये पाणकणसाचं बेट, आणि बगळे. आक्कांनी चर काढायला वाट मागितली. अनुसयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं पाणी आजवर जमिनीखालनं यीत हुतं," त्या म्हणाल्या. "आता वरनं यीऊ दे म्हणतायसा व्हय?"

आक्का गप्प झाल्या. मी त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदाच बघत होते. अनुसयाबाईंचं नाव पाणीपुरवठा संस्थेत नव्हतं. ओढ्याकाठच्या त्या घरांपैकी कुणाचंच नव्हतं. संस्था झाली तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नदीच्या पाण्याचा एक घोट त्यांच्या पिकाला मिळाला नव्हता, उसाचं एक कांडं त्यांनी पिकवलं नव्हतं, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांचं रान मेलं होतं. आमच्या उसाला जास्त झालेलं पाणी मीठ होऊन त्यांच्या ज्वारीच्या मुळाशी जाऊन बसलं होतं.

परत आल्यावर आक्का काही दिवस कुणाशीच धड बोलत नव्हत्या, असं नंतर दादा सांगायचे. आणि मग एकट्याच पुन्हा तिकडं गेल्या. त्या भेटीत काय झालं ते मला दोघींकडूनही कळलं, आणि दोघींचं सांगणं तंतोतंत जुळायचं. आक्का म्हणाल्या, चर नको, जमिनीखालून भोकाचे पाइप घालू, वरच्या रानापासून ओढ्यापर्यंत, सगळ्यांचे मिळून. तुमच्या रानाचंही पाणी निघेल. अनुसयाबाईंनी दोन अटी घातल्या. काम ओढ्याकडून सुरू करायचं, म्हणजे पहिलं रान त्यांचं सुटलं पाहिजे. आणि दुसरी... "पाणी काढायला आमचं रान पायजे, तर पाणी घ्यायला संस्थेत आमचं नाव बी पायजे." आक्का मला सांगायच्या, "मी मागायला गेलतो, आन् ती मलाच शाणं करून पाठवली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक असायचं ते मी त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नाही.

आता खरी अडचण घरातच होती. संस्थेचे सगळे आजी-माजी पंच दादांच्या शब्दातले, आणि दादा या विषयावर तोंड उघडायला तयार नव्हते. मला वाटायचं त्यांना अनुसयाबाईंची दुसरी अट खुपते. ते तसं नव्हतं. एका संध्याकाळी ओसरीवर त्यांनी स्वतःच ते बोलून दाखवलं. "म्हंजी पाणी आणलो ते चुकलो, असं गावापुढं म्हणायचं हाय काय मी?"

आक्का निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आणलासा म्हणून पोरं शिकली. मी ईसारलो न्हाय. आणायला निम्मं आयुष्य घातलासा, काढायला दोन वरसं घाला."

दादा उठून गोठ्यात गेले. बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. ... ज्या कामासाठी गावानं त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच कामाचं दुसरं तोंड आपल्याच माणसांना दाखवायचं होतं. माझे दीर फार शिकलेले नाहीत, फार बोलणारेही नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी संस्थेच्या हॉलमध्ये बैठक बोलावली, त्या दिवसाची आठवण झाली की माझे हात आपोआप जोडले जातात.

हॉल भरला होता. वरच्या रानातले शेतकरी पुढं, ओढ्याकाठची माणसं मागं भिंतीला टेकून. अनुसयाबाई मात्र आत येऊन आक्कांच्या शेजारी बसल्या. दादा उभे राहिले आणि म्हणाले की पाणी आणताना ते बाहेर कसं जाईल याचा विचार आपण केला नाही, मीही केला नाही. एवढंच बोलून खाली बसले. मग तात्या उठले. वरच्या अंगाचे मोठे बागाईतदार, संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. निचऱ्याला सरकार अनुदान देणार असेल तर ते सगळ्यांच्या नावानं येणार; मग आधी ते ओढ्याकाठच्या रानात का जिरवायचं? आणि ज्यांनी संस्थेला कधी काही दिलं नाही त्यांना फुकट निचरा आणि वर पाण्यात वाटा?

आक्का उठल्या. हातात काही नाही, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या बोलल्या. माझ्या कानात ते आजही जसंच्या तसं आहे.

"तात्या, मी घरात रोज म्हणत हुतो, सरकारनं कुणाला काय देऊ न्हये. ही माझी जाऊ साक्षीला बसलीया. मी चुकत हुतो. पाणी आत आणायला सरकारनं पैसं दिलं, लाईट दिलं, खत दिलं, सगळं आपुन घेतलो. त्यातलं ह्या बाईला काय आलं? मीठ आलं. ज्यानं पाणी प्यालंय त्यानं निचऱ्याला आपला वाटा घालावा, आमी बी घालतो. जिला घोटभर मिळालं न्हाय, तिचं समदं सरकारनं करावं. सरकार न्हाय म्हणालं तर आपुन करायचं. आन् पाण्यात तिचं नाव घालायचं, ते फुकट न्हवं. ते आपल्याकडनं राहून गेलंय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तात्या आपल्या दोन-तीन माणसांना घेऊन निघून गेले. पण बाकीचे बसून राहिले, आणि तिथं बसून राहणं म्हणजेच होकार होता. मी वर्गात कितीतरी वर्षं अनुदानाच्या दोन्ही बाजू फळ्यावर मांडल्या होत्या. कोणाला द्यावं, कशासाठी द्यावं आणि आधी कुणाचं काय घेतलंय ते कसं बघावं, असा तिसरा रकाना त्या दिवसापासून मी काढायला लागले. आणि त्याहून जास्त मला भारून टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. भरल्या गावात, पुरुषांच्या पुढं, "मी चुकत हुतो" असं म्हणताना त्यांचा आवाज तसूभरही खाली आला नव्हता.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. कोल्हापूरच्या कचेरीत कितीदा जावं लागलं ते त्यांनाच ठाऊक. एका साहेबांनी सांगितलं, सगळ्यांची संमती आणा. दुसऱ्यांनी सांगितलं, एवढ्या लहान क्षेत्राला योजना बसत नाही. मधेच तिसरे आले, तरुण होते. त्यांनी रानात येऊन मातीचे नमुने घेतले आणि मनापासून खटपट केली. या खेपांना आक्का आणि अनुसयाबाई बरोबर यायच्या आणि दुपारी आमच्याकडं जेवायला थांबायच्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून दोघी भाकरी खात साहेबांच्या बोलण्याची नक्कल करायच्या, आणि हसून हसून आक्कांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी मंजुरी आली ती अर्धीमुर्धी. ओढ्याकाठच्या घरांचं काम योजनेतून, वरच्या रानांना थोडा हातभार, बाकी ज्याचं त्यानं. आक्का एवढंच म्हणाल्या की जे मिळालं ते बरोबर जागी मिळालं.

ओढ्याकाठच्या घरांची नावं संस्थेच्या वहीत चढली आणि काम ओढ्याकडून सुरू झालं. यंत्रानं खोल चर काढायचा, तळाला खडी, त्यावर भोकाचे पाइप, वर माती. अनुसयाबाईंच्या रानातली पहिली ओळ पुरी झाली त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. ओढ्याच्या काठाला पाइपचं तोंड उघडं ठेवलं होतं आणि पंधरा-वीस माणसं त्याकडं बघत उभी होती. आधी थेंब आला. मग धार. गढूळ, पिवळसर. मग हळूहळू निवळत गेली आणि मनगटाएवढी होऊन पडायला लागली. आक्का साडी खोचून ओढ्यात उतरल्या, ओंजळ धरली आणि तोंडाला लावली. चेहरा वाकडा झाला त्यांचा. मग अनुसयाबाईंनी चव घेतली, मग दादांनी, मग एकेक करत सगळ्यांनी, मीसुद्धा. खारट. सागराच्या पाण्यासारखं खारट. कितीतरी वर्षांचं आमचं जास्तीचं पाणी त्या धारेतून निघत होतं. देवळात गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर जे होतं ते मला त्या ओढ्यात पाय बुडवून उभं असताना झालं.

त्या पावसात अनुसयाबाईंनी हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि फुलोऱ्याला आला तसा गाडला. पुढच्या पावसालाही तेच. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या रानात शाळू उभा राहिला. कणसं काही फार मोठी नव्हती, मध्ये मध्ये टक्कलही होतं, पण ज्या जागी बगळे उभे असायचे तिथं पाखरं हाकायला माणूस ठेवायची वेळ आली. अनुसयाबाईंनी पहिलं पायलीभर जोंधळं आमच्या घरी आणून दिलं. आक्कांनी त्याच दुपारी दळून आणून भाकरी केल्या आणि आम्हा सगळ्यांना एकेक वाढली. आमचं रान सुटायला त्यानंतर आणखी तीन वर्षं लागली, कारण आक्कांनी आमची पाळी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तेवढा काळ घरचा ऊस बंद होता. दादा एकदाही कुरकुरले नाहीत. तात्याही कधीतरी, कुणाला काही न सांगता, आपल्या रानाची ओळ मुख्य पाइपला जोडून गेले. काही जण आलेच नाहीत. आजही उन्हाळ्यात माळावरून बघितलं तर हिरव्यात दोन-तीन पांढरे तुकडे दिसतात.

शेवटच्या काही वर्षांत आक्कांचे गुडघे दुखायचे, कोल्हापूरला येणं कमी झालं. मी गेले की अनुदानाचा विषय अजून काढायच्या. ठिबकला अनुदान मिळायला लागलं तेव्हा खूश झाल्या होत्या. कमी पाणी वापरायला सरकार देतंय म्हणजे साहेबांस्नी बी आता दिसायला लागलंय, म्हणाल्या. विजेचं बिल माफ होणार अशी बातमी आली तेव्हा दिवसभर घुश्श्यात होत्या. हे त्यांना चिडवायचे, "आक्का, तुमची नक्की बाजू कुठली?" त्यावर त्या ह्यांच्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "खालच्या रानाची."

परवा, आक्कांना जाऊन महिना झाल्यावर, आम्ही गावी गेलो. सकाळी दादा घरात दिसले नाहीत म्हणून मी रानाकडं गेले. आमच्या आणि अनुसयाबाईंच्या बांधावर सिमेंटच्या रिंगांचं एक चेंबर आहे. वरच्या सगळ्या ओळी तिथं एकत्र येतात आणि खाली ओढ्याकडं जातात. आक्कांची सून मला सांगत होती, आक्का रोज चहा झाला की पहिल्यांदा तिथं जायच्या. झाकण सरकवून वाकायच्या आणि खालून पाण्याचा आवाज येतोय का ते कान देऊन ऐकायच्या. आवाज दबका आला तर कुठंतरी गाळ बसलाय. पलीकडं आपल्या रानात असलेल्या अनुसयाबाई तिथूनच विचारायच्या आणि आक्का तिथूनच सांगायच्या; त्यानंतर दोघींचा दिवस सुरू व्हायचा. दादा कधी त्या चेंबरकडं फिरकले नव्हते. ते काम आक्कांचं.

मी पोचले तेव्हा दादा झाकण सरकवून गुडघ्यांवर बसले होते, टोपी काढून बाजूला ठेवलेली, मान वाकडी करून आत कान दिलेला. पलीकडच्या शाळवात अनुसयाबाई भांगलत होत्या. त्यांनी खुरपं थांबवलं आणि मान वर न करताच विचारलं, "काय म्हणतंय?"

दादा आणखी खाली वाकले.

"वाहतंय," म्हणाले, आणि झाकण लावायच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा कान दिला.